गाणाऱ्याच्या घरी स्पीकर कुठला असतो?

भारी साउंड सिस्टीमची आवड असलेल्या मंडळींमध्ये वाद पेटला की कोणीतरी हमखास म्हणतं, अरे एखाद्या गवयाला आणून बसव आणि ऐकव, तोच सांगेल कुठला स्पीकर खरा. समोरचा लगेच म्हणतो, कसले गवई, ते तर सगळं मोबाइलवर ऐकतात, मग तू कशाला दोन लाखाचा अँप (अँप्लिफायर) घेऊन बसलायस. म्हणजे भांडण कुठल्याही बाजूचं असो, साक्षीला गवयालाच उभं करायचं.

मला दोघांचंही पटत नाही आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहायचंय, कारण मी दोन्हीकडची आहे. घरी बाबांच्या एलपी आहेत, त्यांच्यासाठी मी हळूहळू पैसे साठवून टर्नटेबल, अँप आणि बऱ्यापैकी स्पीकर घेतलेत. आणि गाणं शिकत असल्यामुळं नाशिकमधल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या लोकांच्या घरी सारखं येणं-जाणं असतं, त्यामुळं त्यांच्याकडे ऐकायला काय असतं ते रोज बघतेय.

तर काय असतं? मला गाणं शिकवणाऱ्या ताईंकडे मिरजेच्या तानपुऱ्यांची जोडी आहे, गवसणी घालून कोपऱ्यात उभी, त्यांना कोणी नुसता धक्का लावला तरी ताईंचा आवाज चढतो. आणि ऐकायला एक जुना ब्लूटूथ स्पीकर, जाळीला पोचा आलेला. पंचवटीत पेटीवाले काका राहतात, ते फोन स्टीलच्या वाटीत उभा करून ठेवतात, वाटीमुळं आवाज वाढतो म्हणून, आणि सकाळी सकाळी त्या वाटीतनं बालगंधर्व ऐकता ऐकता डोळे पुसत असतात. एक सतारवादक आहेत इंदिरानगरला, त्यांच्याकडे मात्र खरोखर उंच, जमिनीवर उभे राहणारे झकास स्पीकर आहेत, पण ते अंबडला एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात होते आणि अँप त्यांनी स्वतः सोल्डर करून बनवलाय. म्हणजे ती हौस सतारीतनं आलेली नाही, कारखान्यातनं आलीय.

आता हे बघून 'यांना आवाजाचं काही पडलेलंच नाही' असं कोणी म्हणेल तर तो माणूस मैफिलीच्या आधी ग्रीनरूममध्ये कधी गेलेलाच नाही.

गंगापूर रोडवर एका छोट्या हॉलमध्ये घरगुती बैठक होती, ताईंच्या मागं तानपुऱ्याला मी. बाहेर लोक येऊन बसलेले, संयोजक दोनदा डोकावून गेलेले आणि ताई शांतपणे जोडीच्या तारेखालचा दोरा नखानं केसभर पुढं, परत केसभर मागं करत होत्या. घोडीचा माथा सपाट घासलेला असतो ना, तार तिथं जराशी घासून निघते आणि दोरा नेमका योग्य जागी आला की नुसती 'टण्ण' वाजणारी तार एकदम भरून गुंजायला लागते, तीच जवारी. दोरा झाला, मग सूर बारीक जुळवायचे मणी. मग खरजाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार छेडून डोळे मिटून बसल्या, गांधाराची वाट बघत. खरज नीट लागला की त्याच्यातनं आपोआप गांधार ऐकू येतो, स्वयंभू गांधार म्हणतात तो, कारण त्या तारेच्या पाचपट कंपनांचा जो वरचा नाद असतो तो बरोब्बर गांधारावर येतो. तो आला आणि मगच त्या म्हणाल्या, चला. मला सांगा, एवढ्या बारकाईनं आवाज ऐकणारा ऑडिओफाइल, म्हणजे भारी सिस्टीमचा शौकीन, कोणी पाहिलाय? आणि ह्याच ताई मध्यंतरात बसून आधीच्या बैठकीचं रेकॉर्डिंग फोनच्या स्पीकरवर, फोनमागं हाताची ओंजळ धरून ऐकत होत्या आणि खुश होत्या!

दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या, एकाच संध्याकाळच्या, म्हणून मी ह्यावर खूप विचार केला.

मला वाटतं पहिलं कारण जागेचं आहे. महागडी सिस्टीम काय करते, तर हॉलमधल्या चांगल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला जसं ऐकू येईल तसं घरी उभं करायचा प्रयत्न करते, गायक मध्ये, तबला एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला, मागं जरासा खोलपणा. पण गायक आयुष्यात कधी त्या खुर्चीत बसलेला नसतो हो! त्याच्या कानाशी तानपुरा असतो, त्याचा स्वतःचा आवाज त्याला अर्धा कवटीच्या हाडांमधनं ऐकू येतो (म्हणूनच स्वतःचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकताना कोणालाही तो आवाज परका वाटतो) आणि तबलजीला तर सगळी मैफल शाईवरच्या (तबल्यावरचा काळा गोल) आणि चाटेवरच्या (त्याचा काठ) बोटांमागून ऐकू येते. खुर्चीतल्या माणसाचा अनुभव त्यांच्या ओळखीचाच नाही, मग तो हुबेहूब उभा केला तरी त्यांना त्यात घरचं काही सापडत नाही.

दुसरं कारण मला माझ्याच घरी दिसलं. तबल्याचे आमचे दादा एकदा चहाला आलेले, मी मोठ्या उत्साहानं दत्तात्रेय विष्णू पलुस्करांची एलपी लावली. पलुस्कर आपले नाशिकचे बरं का, १९२१ चा जन्म इथला, वडील विष्णू दिगंबर पलुस्करांचा आश्रम पंचवटीतला. आणि माणूस अवघा ३४ वर्षांचा होऊन १९५५ मध्ये गेला, त्यामुळं आपल्याकडे जे आहे ते बरंचसं मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरचं, तीन-साडेतीन मिनिटांचं, तेच पुढं एलपीवर एकत्र केलेलं. मी दादांना म्हटलं इथं बसा, दोन्ही स्पीकरच्या मधोमध. ते बसले स्पीकरच्या शेजारी खाली, भिंतीला टेकून. स्पीकरबद्दल एक अक्षर नाही. थोड्या वेळानं हात वर केला, "अगं, जरा मागं घे." मी सुई उचलून मागं ठेवली. "परत." परत ठेवली. "बघ, समेला आला नाही, समेच्या आधीच सोडून दिलं आणि तबल्याला एकट्याला जाऊ दिलं. एवढ्याशा गाण्यात त्याला एवढी फुरसत!" (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा.) मग मांडीवर ठेका धरून तेच चार-पाच वेळा स्वतःशी म्हणून बघितलं. चहा गार.

मी ती एलपी आधी खूपदा ऐकलेली, आणि मला त्यात आवाजाचा गोडवा, सुईची खरखर, स्पीकरनं मागं उभा केलेला खोलपणा, सगळं ऐकू आलेलं, ती जागा मात्र नाही. वाजवणारा माणूस रेकॉर्ड ऐकतो तेव्हा समोरच्यानं काय केलं, कुठनं उचललं, कुठं सोडलं हे ऐकतो. आवाजातलं जे कमी पडतं ते तो स्वतःच्या डोक्यातनं भरून घेतो, कारण चांगला डग्गा (तबल्याच्या जोडीतला खालच्या आवाजाचा) कसा घुमतो हे त्याला सांगायला स्पीकर लागत नाही, त्याच्या हाताला ते ठाऊक आहे.

आणि कान भरून घेतो हे मी नुसतं भावनेनं म्हणत नाहीये, त्यामागं शास्त्र आहे. काळी एक पट्टीत (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खरज साधारण ६९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६९ कंपनांचा. फोनचा नखाएवढा स्पीकर तिथपर्यंत पोचणं शक्यच नाही. पण त्याच खरजाचे वरचे नाद, पाचपट ३४६, सहापट ४१६, सातपट ४८५, हे फोनवर येतात आणि त्यांच्यामधलं अंतर बरोब्बर ६९ चं असल्यामुळं मेंदू खालचा न वाजलेला खरज स्वतःच ऐकतो. म्हणजे पेटीवाले काका वाटीत ऐकताना स्वर चुकीचा ऐकत नाहीयेत, स्वर त्यांना पूर्ण मिळतोय, फक्त त्याचं वजन मिळत नाहीये. आणि काकांना रेकॉर्डमधनं पहिल्यांदा हवा असतो तो स्वर.

इतिहास बघितला तरी हेच दिसतं. १९२५ च्या आधी तर रेकॉर्डिंगला माइकच नव्हता, भोंग्यासमोर तोंड नेऊन गायचे. तरी त्या आणि त्यानंतरच्या खरखरीत तबकड्यांवर आपल्याकडची आख्खी पिढी तयार झाली. अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून भीमसेन जोशी लहानपणी वेडे झाले आणि पुढं ११ व्या वर्षी गुरू शोधायला घर सोडून निघाले. कुमार गंधर्व तर लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचे, लोक थक्क व्हायचे. त्या पोरांच्या कानावर पडलेला आवाज आजच्या स्वस्तातल्या इयरफोनच्याही कितीतरी खालचा होता.

मग गाणारा माणूस मशीनकडनं काहीच मागत नाही का? मागतो की, आणि त्याबाबतीत तो ऑडिओफाइलपेक्षा जास्त कटकट करतो! त्याला स्पीड बरोबर लागतो. कॅसेटच्या जमान्यात डेक जरा फास्ट फिरला, सहाच टक्के, की काळी एकचं गाणं सरळ शेजारच्या पांढरी दोनमध्ये जायचं. घरच्यांना पत्ता लागायचा नाही आणि ताई दारातनं आत येतायेता म्हणायच्या, हे चढलंय, बंद करा. आणि दुसरं म्हणजे मागं घेता यायला पाहिजे, हळू करता यायला पाहिजे. जुन्या रेकॉर्ड प्लेअरला ३३, ४५, ७८ च्या जोडीला १६ चा एक स्पीड असायचा, आठवतोय का कोणाला? तो ३३ च्या बरोब्बर निम्मा. एलपी १६ वर लावली की तान निम्म्या लयीत ऐकू येते आणि सगळे स्वर एक सप्तक खाली जातात, म्हणजे सा चा सा च राहतो, स्वरांचा गोंधळ काही होत नाही. अवघड ताना अशा सोडवून लिहून घेतलेल्या वह्या मी ताईंकडे बघितल्यात. आता पोरं यूट्यूबवर ०.५ करतात, त्यात तर पट्टीही बदलत नाही. ह्या कामाला हजार रुपयांचा स्पीकर पुरतो आणि लाखाचा स्पीकर ह्यात कणभर जास्त मदत करत नाही.

पैशाचाही विषय आहे, तो टाळून चालणार नाही. नाशिकसारख्या गावात वाजवणाऱ्याची कमाई म्हणजे शिकवण्या, शाळेतली नोकरी असली तर ती, कालिदास किंवा सायखेडकर नाट्यगृहात कार्यक्रम झाला तर त्याचं मानधन आणि दिवाळीत पाडवा पहाट. त्यात तबल्याची पुडी (वरचं कातडं) बदलायची, पेटी सुरात करून घ्यायची, तानपुरा मिरजेला पाठवायचा. हातात चार पैसे जास्त आले की ते वाद्यात जातात, आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

वाद्याच्या बाबतीत तर ते आपल्यासारखेच हळवे असतात. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या व्हायोलिन स्पर्धेच्या वेळी एक प्रयोग झाला, क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. २१ व्हायोलिनवादकांना हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत वेल्डिंगचा गॉगल घालून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली, तीन नवीन, तीन जुनी, जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे जगात सगळ्यात नावाजलेली जुनी व्हायोलिनं. लाकडाच्या वासावरनं ओळखू नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तरसुद्धा लावलेलं! आणि जास्तीत जास्त लोकांना आवडलं ते नवीन व्हायोलिन, सगळ्यात कमी आवडलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. मला ह्यातनं कोणाची फजिती काढायची नाहीये. माणूस हातातल्या वस्तूवर जीव लावतो, तिचा इतिहास त्याच्या कानात येऊन बसतो, वादकाचं व्हायोलिनशी होतं तेच आपलं अँपशी होतं. फक्त त्याचा जीव ज्याच्यावर जडतो ती वस्तू वेगळी.

अपवाद आहेत आणि ते छोटे नाहीत. कारायान हा एवढा मोठा ऑर्केस्ट्रा कंडक्टर, सीडी बाजारात यायच्या आधीच, १९८१ ला, साल्झबर्गमध्ये पत्रकारांसमोर सीडीच्या बाजूनं उभा राहिला. गायक नील यंगनं तर एमपी३ नं संगीताचा जीव घेतला म्हणून स्वतःचा पोनो नावाचा प्लेअर काढला, २०१४ मध्ये लोकवर्गणीतनं ६० लाख डॉलरच्या वर पैसे जमले, तरी २०१७ पर्यंत ते दुकान बंद झालं. पण बघा, ही दोघंही रेकॉर्डिंगमध्ये बुडालेली माणसं, स्टुडिओत तासन् तास बसणारी. ज्याचं काम स्टुडिओतनं बाहेर पडतं त्याला ते लोकांच्या घरी कसं वाजेल ह्याची काळजी वाटणारच. आपल्याकडचा मैफिलीचा कलाकार बैठक संपली की मोकळा होतो.

आणि साउंड इंजिनिअर आणि म्युझिशियन ह्यांची गल्लत करू नका, ती सारखी होते. स्टुडिओतल्या फोटोंमध्ये पांढऱ्या पडद्यांचे काळे स्पीकर दिसतात ना, ते यामाहाचे एनएस-१०. ते १९७८ ला घरगुती हायफाय म्हणून आले, घरात काही चालले नाहीत, पण स्टुडिओवाल्यांनी उचलले, कारण मिक्समधली चूक त्यात उघडी पडायची. ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) फार कर्कश म्हणून वरनं टिश्यू पेपर चिकटवायचे. २००१ पर्यंत बनत होते. म्हणजे आपल्या लाडक्या रेकॉर्ड ज्याच्यावर मिक्स झाल्या तो स्पीकर ऐकायला गोड अजिबात नव्हता. ते काम करायचं हत्यार होतं.

अजून एक गोष्ट आहे, जी वाजवणाऱ्यांच्या घरी गेल्याशिवाय कळत नाही, ती म्हणजे ते घरी आले की त्यांना शांतता हवी असते. दिवसभर शिकवण्या, संध्याकाळी रियाझ किंवा प्रोग्राम, स्टेजवर कलाकारांकडे तोंड करून ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरचा मारा. आणि आपल्या नाशिक ढोलच्या पोरांचं तर विचारूच नका, गणपतीच्या आधी महिनाभर सराव, ढोल अगदी कमरेला. अमेरिकेतल्या नायोश ह्या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचा हिशोब असा आहे की ८५ डेसिबलला आठ तास ठीक, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. माझी पथकातल्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, फार्मसीत फोमचे इयरप्लग मिळतात, अगदी स्वस्त, ते घाला. कानाच्या आतल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि नंतर कुठलीही सिस्टीम घेऊन उपयोग नाही.

आता माझ्या बाजूचं. गवई सिस्टीमकडे बघत नाही म्हणून सिस्टीम फुकट, हे मला अजिबात मान्य नाही. मी ऐकणारी आहे, माझ्या हाताला डग्गा ठाऊक नाही, मला तो ऐकूच यावा लागतो! चांगल्या स्पीकरवर खरज छातीत येतो, तानपुऱ्याच्या दोन छेडण्यांमधली पोकळी कळते, गायकानं घेतलेला श्वास कळतो. हे सुख ऐकणाऱ्याचं आहे, त्यासाठी गवयाच्या सर्टिफिकेटची गरज नाही. आपल्या हौसेला मोल नसतं, पण डोळे उघडे ठेवून करावी एवढंच. २००७ मध्ये मेयर आणि मोरन ह्या दोघांचा एक अभ्यास आला, भारीतल्या हाय-रिझोल्यूशन डिस्कचा आवाज मधूनच साध्या सीडीच्या दर्जाचा करायचा आणि फरक ओळखायला सांगायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. त्यात ऑडिओफाइल होते, रेकॉर्डिंग इंजिनिअरही होते. त्यामुळं फाइलच्या आकड्यांवर आणि लाखाच्या केबलवर माझा तरी पैसा जाणार नाही.

खोलीवर जाईल. आपले फ्लॅट कसे, १० बाय १२ ची खोली, खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. ह्या मापाच्या खोलीत १२ फुटांच्या दिशेनं साधारण ४७ हर्ट्झला आणि १० फुटांच्या दिशेनं ५६ ला आवाज अडकून घुमतो, आणि डग्ग्याचा, पखवाजाचा खालचा आवाज ह्याच्याच शेजारचा. मग एका कोपऱ्यात डग्गा बदाबदा वाजतो आणि मधल्या खुर्चीत गायबच होतो, आणि लोक अँप बदलत बसतात. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन हात पुढं घ्या, खाली जाड सतरंजी टाका, मागं पुस्तकांनी भरलेलं कपाट, खिडकीला जड पडदा. खालचा घुमारा पडद्यानं जात नाही, त्यासाठी स्पीकर आणि खुर्ची हलवूनच बघावी लागते, पण वरचा खणखणाट तरी नक्की बसतो.

ताईंच्या क्लासला पालक हल्ली विचारतात, मुलगी गाणं शिकतेय तर घरी चांगला साउंड घ्यावा का. ताई म्हणतात आधी तानपुरा घ्या, मोबाइल ॲपवरचा चालेल सुरुवातीला, पण जमेल तेव्हा खरा घ्या आणि तिला तो स्वतः लावायला शिकवा. मी त्यात एवढंच घालते की ॲपवरचा असेपर्यंत तो फोनच्या स्पीकरवर नका लावू, साधा का होईना पण जरा मोठा स्पीकर जोडा. शिकणाऱ्या पोरीच्या कानाला खरज अजून माहीत नाहीये, तिला तो खराखुरा ऐकू आला पाहिजे. स्पीकर कुठला घ्यायचा, कुठं ठेवायचा ते विचारायचं असेल तर खुशाल विचारा, फक्त खोलीचं माप आणि खिडकी कुठल्या बाजूला आहे ते आधी सांगा.